आळोखेपिळोखे द्या, पण नेमाने!

दिवाळी हा पाटावर बसण्याचा सण आहे. वाटल्यास मोजून पाहा. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून घ्यायला पाट, लक्ष्मीपूजनाला पाट, पाडव्याच्या ओवाळणीला पाट आणि भाऊबीजेला पुन्हा पाट. शिवाय फराळाला चार माणसे जमली की सतरंजी अंथरलेली असतेच. म्हणजे चार दिवसांत दहा-पंधरा वेळा खाली बसायचे आणि तितक्याच वेळा उठायचे. लहान मुलांना याचे काहीच वाटत नाही. तरुण मंडळी एक हात टेकून उठतात. आणि पन्नाशी उलटलेले? ते आधी इकडे तिकडे पाहतात, भिंत किती लांब आहे याचा अंदाज घेतात आणि मग हळूच म्हणतात, "मला आपली खुर्चीच द्या. खुर्चीवर बसलं तरी ओवाळता येतं की!"

ओवाळता येते, यात शंका नाही. पण गेल्या वर्षी पाटावर बसलेला भाऊ यंदा खुर्चीवर बसला, ही गोष्ट बहिणीच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. ती बोलून दाखवीत नाही, इतकेच.

वर्षभर या सदरातून आपण झोप, चालणे, जेवणाच्या वेळा, डोळ्यांची निगा अशा नाना विषयांवर गप्पा मारल्या. वाचकांची पत्रेही पुष्कळ आली. त्यांतल्या निम्म्याअधिक पत्रांत तक्रार एकच. कुणाची मान धरली आहे, कुणाची कंबर धरली आहे, कुणाचा खांदा वर जात नाही, कुणाला सकाळी उठल्यावर दहा पावले लंगडत चालावे लागते. 'धरली आहे' हा आपल्या भाषेतला शब्द मोठा नेमका आहे. आत काही मोडलेले नसते, तुटलेले नसते. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखे वाटते. या धरलेल्या अंगाला सोडवायचे कसे, हा यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी घेतलेला विषय. माझी सारी हयात नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, शाळेतल्या पोरांना ड्रिल शिकवण्यात गेली. तेव्हा दाखले नगरचेच देईन, हे आधी सांगून ठेवतो.

मांजराकडून शिकण्यासारखे

लहानपणी सकाळी उठल्यावर आम्ही आळोखेपिळोखे देऊ लागलो की घरातली वडीलधारी माणसे ओरडत, "ऊठ आळशा!" आळोखेपिळोखे आणि आळस यांची जोडी आपल्याकडे जुनी आहे. पण मांजर पाहा. झोपेतून उठले की पुढचे पाय लांब करील, पाठ ताणील, मग मागचा एकेक पाय झटकील आणि मगच चालू लागेल. कुत्र्याचेही तेच. या प्राण्यांना आळशी कोण म्हणेल? तासन्‌तास एका जागी पडून राहिलेले अंग कामाला लावण्यापूर्वी ते मोकळे करून घ्यावे, हे शहाणपण त्यांना उपजतच आहे. आपल्यालाही होते. पाळण्यातले मूल जागे होताना पाहा, म्हणजे पटेल. पुढे शाळा, कचेरी आणि बस यांच्या घाईत आपण ते सोडून दिले.

अंग आखडते म्हणजे होते तरी काय? स्नायू, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या आणि सांध्याभोवतालची वेष्टणे यांचा स्वभाव असा, की जेवढ्या टप्प्यात त्यांना रोज हलवाल तेवढाच टप्पा ती राखून ठेवतात. हात रोज खांद्याइतकाच वर जात असेल, तर हळूहळू तो खांद्यापर्यंतच जाऊ लागतो. वयाबरोबर या वेष्टणांतले धागे एकमेकांना चिकटून ताठर होतात. मधुमेह असला तर हे अधिकच लवकर घडते. मधुमेही माणसाचा खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. तळहात सांध्यांशी ताठर झाले आहेत की काय, हे पाहण्याची त्यांची एक सोपी परीक्षा आहे: नमस्कार करायला सांगतात. दोन्ही हातांची बोटे आणि तळवे एकमेकांना नीट चिकटले नाहीत, मध्ये फट राहिली, तर समजायचे की सांधे धरू लागले आहेत. देवापुढे हात जोडताना ही परीक्षा ज्याची त्याने घ्यावी.

"घरकामात व्यायाम होतोच की!"

येथे एखादी भगिनी लगेच म्हणेल, "आम्हांला वेगळं अंग ताणायला कशाला हवं? दिवसभर राबतोच की!"

जुन्या घराची रचनाच अशी होती, की अंग आपोआप ताणले जाई. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवण जमिनीवर, शौचाला उकिडवे बसणे; विहिरीचे पाणी शेंदताना हात वरून खाली. आता ओटा आला, गॅस आला, मिक्सर आला, जेवणाचे टेबल आले, कमोड आला. या सोयींबद्दल माझी तक्रार नाही. पहाटे उठून जात्यावर चार शेर दळण ज्यांनी दळले, त्या बायकांना जाऊन विचारा. त्या मिक्सरला नमस्कार करतील! पण सोय आली तेव्हा तिच्याबरोबर गुडघा, घोटा आणि खुबा यांचे रोजचे वाकणे घरातून निघून गेले, हा हिशेब आपण मांडला नाही.

शिवाय राबणे वेगळे आणि अंग ताणणे वेगळे. याचे दाखले माझ्या जिल्ह्यात हवे तितके आहेत. नगर शहरात आणि संगमनेरात कित्येक बायकांनी विड्या वळून संसार केले. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, हातात कात्री आणि दोरा. मजुरी हजार विड्यांवर. म्हणून मान वर करायला सवड नाही. बोटे विजेसारखी चालतात. पण मान, पाठ आणि खांदे तासन्‌तास एकाच बाकात राहतात. दुसरा दाखला ऊसतोडीचा. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे जिल्ह्यात एकामागून एक कारखाने निघाले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतली कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. त्यांच्याइतके कष्ट आपल्यापैकी कोण करतो? पण कंबरेतून वाकायचे, बुंध्याशी तोडायचे, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. महिनोन्‌महिने ओझे आणि बाक एकाच बाजूचा. या माणसांची कंबर आरामाने धरत नाही. एकतर्फी कष्टाने धरते.

आता ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटणारी गृहिणी पाहा, कचेरीत संगणकासमोर मान पुढे काढून बसलेला कारकून पाहा, हातातल्या फोनवर वाकलेला कॉलेजकुमार पाहा. कष्ट निराळे, पण बाक तोच: पुढे! दिवसभर पुढे वाकलेल्या अंगाला थोडा वेळ उलट्या दिशेने नेणे, हेच अंग ताणण्याचे मुख्य काम.

किल्ल्यातले बारा कैदी

नगरचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा पुढाऱ्यांना मुंबईहून उचलून येथे आणले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी ही मंडळी. पुष्कळांची पन्नाशी उलटलेली, आणि १९४५ पर्यंतचे दिवस त्याच भिंतींच्या आत काढायचे. बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला.

नेहरूंनी येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्याच पुस्तकाच्या आरंभी त्यांनी आपल्या दुसऱ्या उद्योगाची हकीकत दिली आहे. ते किल्ल्याच्या आवारात फुलझाडांचे वाफे तयार करीत होते. जमीन खडकाळ, जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्यांनी भरलेली. ती ते भर उन्हात तासन्‌तास खणत. त्याआधीच्या तुरुंगांत शीर्षासन हा त्यांचा आवडता व्यायाम होता, हे त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. डोके खाली आणि पाय वर या विनोदी अवस्थेने मनही प्रसन्न होते, असा त्यांचा अनुभव.

आता कुणी हे वाचून उद्यापासून शीर्षासनाला लागेल, तर त्याला हात जोडून सांगतो, की लागू नका! मानेचे मणके झिजलेल्या, रक्तदाबाच्या किंवा काचबिंदूच्या माणसाला ते अपायकारक आहे. मला त्या किल्ल्यातून घ्यायचे आहे ते इतकेच: जागा आक्रसली की अंगही आक्रसते, हे त्या माणसाने ओळखले होते. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला खंदक नाही आणि दारावर पहारा नाही. तरीही खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीवर असा दिवस काढणारी वडील मंडळी तेथेही कैदीच असतात.

अक्काचे अडीच तास

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सावेडीला मुलाकडे राहते. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी घरात कुणी नसताना ती कपाटाचा खालचा खण आवरायला जमिनीवर बसली. खण आवरून झाला आणि उठायला गेली, तर उठता येईना. पडली नव्हती, लागले नव्हते, काही दुखतही नव्हते. नुसते उठता येईना! फोन टेबलावर. शेजारच्यांचे दार बंद. नातू कॉलेजातून येईपर्यंत ती अडीच तास तशीच बसून होती.

नातवाने हात दिला, अक्का उठली आणि सगळे हसले, तीही हसली. पण त्या दिवसापासून तिने जमिनीवर बसणे सोडले. मग कीर्तनाला जाणे सोडले, कारण तेथे सतरंजीवर बसावे लागते. मग हळदीकुंकू सोडले. मग नातीच्या डोहाळजेवणाला "बरं वाटत नाही" म्हणून घरीच राहिली. माणूस जमिनीपासून तुटतो तेव्हा चार माणसांतूनही कसा उठतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. वर्षभरात तिचे चालणे कमी झाले आणि बोलणेही.

लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात आता फिजिओथेरपीची कॉलेजे आहेत. या विद्येची माणसे आमच्या भागात सहज भेटतात. अशाच एका तरुण ताईला आम्ही अक्काला दाखवले. तिने गुडघे पाहिले, खुबे पाहिले आणि शेवटी घोटे पाहिले. म्हणाली, "आजींचे घोटे पुढे वाकतच नाहीत. उठताना वजन पावलावर येणार कसं? आणि मांडीत जोरही नाही." दोन गोष्टी सांगितल्या: घोटे आणि खुबे रोज ताणायचे, आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करायचा. पहिला महिना अक्काने कुरकुर करीत काढला. तिसऱ्या महिन्यात ती चौरंगावर बसू लागली. सातव्या महिन्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सतरंजीवर बसली आणि एक हात जमिनीला टेकून आपली आपण उठली. आजही एक हात टेकतेच. पण कुणाला हाक मारीत नाही.

शास्त्र काय म्हणते?

खाली बसून उठण्याच्या या साध्या गोष्टीचा ब्राझीलमध्ये रीतसर अभ्यास झाला आहे. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना तेथे जमिनीवर बसून उठायला सांगितले. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच; हात, गुडघा जे काही टेकवावे लागेल त्याचा एकेक गुण वजा. मग पुढची काही वर्षे त्यांच्यावर नजर ठेवली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना अगदी कमी गुण होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचे प्रमाण पूर्ण गुणांच्या जवळ असलेल्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते. २०२४ साली त्याच डॉक्टरांच्या मंडळींनी तीन हजारांहून अधिक मध्यमवयीन माणसांच्या सांध्यांची लवचीकता मोजून असाच संबंध दाखवला.

येथे घाई करू नये. ताठर माणसे लवकर गेली, याचा अर्थ ताठरपणामुळेच गेली असा होत नाही. आतला दुसरा आजारही माणसाला ताठर करतो. आणि उठण्याला लवचीकपणाबरोबर जोर आणि तोल हेही लागतात. अक्काचे उदाहरण त्याचेच. पण जमिनीवरून उठता येणे ही प्रकृतीची एक खूण आहे, एवढे त्यातून खास घ्यावे.

अंग ताणण्याच्या नावावर नाही नाही ते गुण खपवले जातात. त्याने वजन उतरत नाही. चालण्याची जागा ते घेऊ शकत नाही. अकोले तालुक्यातल्या कळसूबाईला नवरात्रात हौसेने जाणारी माझ्या ओळखीची पुष्कळ मंडळी आहेत. शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. वर्षभर जिना न चढलेला माणूस बारी गावातून निघून लोखंडी शिड्या चढून जातो आणि पुढे चार दिवस मांड्या धरून बसतो. आधी किंवा नंतर पाय ताणल्याने हे दुखणे टळेल, अशी त्याची समजूत असते. झालेल्या प्रयोगांचा २०११ साली एकत्र आढावा घेण्यात आला. तेव्हा असे दिसले, की या दुखण्यात पडणारा फरक जवळजवळ नगण्य आहे. कळसूबाईला जायचे, तर महिनाभर आधी जिने चढावे हेच खरे.

मग फायदा कोणता? सांध्याचा टप्पा वाढतो, हा पहिला आणि पक्का फायदा. धरलेली मान आणि कंबर पुष्कळांची सैल होते. रात्री पायात वांब येऊन जाग येणाऱ्यांसाठी हॉलंडमध्ये एक लहानसा प्रयोग झाला. पंचावन्न वर्षांपुढच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्यांच्या मागचे स्नायू ताणले. त्यांचे वांब इतरांपेक्षा कमी झाले. औषधाचा खर्च शून्य!

आता किती वेळ ताणायचे? अमेरिकेत १९९४ साली तरुण माणसांवर १५, ३० आणि ६० सेकंद असे प्रयोग करून पाहिले. ३० सेकंदांचा गुण १५ सेकंदांपेक्षा अधिक आला आणि ६० सेकंदांनी त्यात काही भर पडली नाही. पासष्टीपुढच्या माणसांत मात्र ६० सेकंदांचा गुण अधिक दिसला. म्हणजे तरुणांनी सावकाश तीस अंक मोजावेत, आजी-आजोबांनी साठ. आणि झटके देऊ नयेत. स्नायूच्या आत एक पहारेकरी बसलेला असतो. एकदम ओढ बसली की तो घाबरून स्नायूला आखडायला लावतो. हळूहळू ताण देऊन तेथेच थांबलात, तर तोही निवांत होतो.

ही विद्या आपल्या घरचीच

परदेशातले दाखले दिले म्हणून ही विद्या तिकडची समजू नये. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून आसने प्रयोगशाळेत तपासायला घेतली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि २०१४ मध्ये तेथेच वारले. त्यांची मला आवडलेली युक्ती अशी, की ज्याचे अंग वळत नाही त्याला त्यांनी हिणवले नाही. त्याच्या हातात पट्टा दिला, पायाखाली वीट दिली, पाठीमागे खुर्ची दिली. जमत नाही म्हणून सोडून देण्यापेक्षा आधार घेऊन करावे, हा त्यांचा धडा घराघरांत नेण्यासारखा आहे. आपल्याकडे पट्टा नसेल. पंचा तर आहे!

दहा मिनिटांचा नेम

खाली सांगतो ते सात प्रकार माझ्या घरी रोज चालतात. प्रत्येक प्रकारात श्वास चालू ठेवावा आणि ओढ जाणवेल, पण दुखणार नाही, एवढेच ताणावे. सकाळी अंग थंड असते, तेव्हा आधी घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात.

१. अंथरुणातच उताणे पडून हात डोक्यामागे आणि पाय खाली लांब करावेत. मग पावले वर-खाली दहा वेळा हलवावीत. हेच ते आळोखेपिळोखे. आता कुणी आळशी म्हणाले, तर हा अंक दाखवा.

२. पडल्या पडल्या पंचा एका तळपायात अडकवून पाय सरळ वर उचलावा. गुडघा किंचित वाकला तरी चालेल. मांडीच्या मागे ओढ बसते.

३. भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हात भिंतीला टेकावेत. एक पाय मागे, त्याची टाच जमिनीला चिकटलेली. भिंत ढकलल्यासारखे पुढे झुकावे. ही पोटरीची ओढ. मागचा गुडघा जरा वाकवून पुन्हा तेच केले, की घोटा सुटतो.

४. दाराच्या चौकटीत उभे राहून हात चौकटीला कोपरापर्यंत टेकावेत आणि एक पाऊल पुढे टाकावे. दिवसभर पुढे आलेले खांदे मागे जातात, छाती मोकळी होते. लिहिणाऱ्यांनी आणि पोळ्या लाटणाऱ्यांनी हा चुकवू नये.

५. खुर्चीत ताठ बसून उजवा कान उजव्या खांद्याकडे न्यावा, मग डावा डावीकडे. मान गरगर फिरवू नये.

६. पलंगावर किंवा चटईवर बसून दोन्ही तळपाय एकमेकांना जुळवावेत आणि गुडघे आपल्या वजनाने खाली येऊ द्यावेत. हाताने दाबू नयेत. मांडी घालून बसणे ज्यांना अवघड जाते, त्यांचा हा पहिला धडा.

७. शेवटी खुर्चीशेजारी उभे राहून, तिचा आधार घेऊन जमिनीवर बसावे आणि उठावे. दोन वेळा पुरे. ज्यांना भीती वाटते त्यांनी घरात कुणी असतानाच करावे, आणि आधी चौरंगापासून सुरुवात करावी.

रविवारी तासभर आणि मग सहा दिवस सुट्टी, असे करू नका. रोजची दहा मिनिटे बरी. चहाचे आधण ठेवल्यापासून कप हातात येईपर्यंत तीन प्रकार होतात, असा माझा हिशेब आहे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. ओढ आणि कळ यांतला फरक ओळखावा. कळ आली की थांबावे. कंबरेपासून पायापर्यंत झिणझिण्या येत असतील, हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ असलेल्यांनी कंबरेतून खोल पुढे वाकणे टाळावे. सांधा सुजून लाल झाला असेल, तर तो ताणण्याचा नव्हे, दाखवण्याचा सांधा आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभारले, ते जगभर नावाजले गेले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर असलेल्या बायकांनी आरोग्याच्या मूळ गोष्टी शिकून घेतल्या आणि शेजारणींना शिकवल्या, हे त्या कामाचे मर्म. अंग ताणण्याची विद्या तर त्याहूनही सोपी. ती एकाने शिकावी आणि घराने उचलावी. नातवाने आजीबरोबर भिंत ढकलावी. सुनेने सासूबरोबर चौकटीत उभे राहावे. दोघे असले की नेम मोडत नाही.

तेव्हा यंदा फराळाची ताटे मांडण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने एकदा जमिनीवर बसून उठून पाहावे आणि कुणाला काय काय टेकावे लागले, ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. मग उद्यापासून दहा मिनिटांचा नेम धरावा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा पाहावे आणि काय फरक पडला, ते मला पत्राने जरूर कळवावे. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची, आरोग्याची आणि मोकळ्या अंगाची जावो!